मी रुसली नव्हती

देवमन गेल्याचं भावनाला फोनवरून कळलं नाही, गाण्यावरून कळलं. राजापेठेतल्या दवाखान्यात ती एका आजोबांच्या कानात श्रवणयंत्र नीट बसतंय का ते बघत होती. तेवढ्यात खालच्या मोबाइलच्या दुकानदाराने स्पीकर रस्त्याकडे वळवला आणि आवाज वाढवला. ‘का-का-काहून रुसली वं.’ लगेच पलीकडच्या दुकानातूनही तेच. दोन्हीकडचं गाणं थोडं मागेपुढे वाजत होतं, त्यामुळे ‘का-का’चे चार-चार ‘का’ होत होते. आजोबांना यंत्रातून पहिलं ऐकू आलं ते हेच, आणि त्यांनी खूश होऊन मान डोलावली. मुंबईच्या रुग्णालयात मोठे बाबा बरेच दिवस पडून होते. जुनं गाणं भरदुपारी दोन-दोन दुकानांत एकदम लागतं तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो.

मोठे बाबा म्हणजे तिचे वडील पुंजाजी यांचे थोरले भाऊ. चित्रपटाच्या पाटीवर त्यांचं नाव एवढंच यायचं : ‘संगीत – देवमन’. आडनाव नाही, गाव नाही. पण गाव सगळ्यांना ठाऊक होतं. अकोल्याच्या अकोट फैलातला, गायन पार्टीत पेटी वाजवणारा पोरगा मुंबईला गेला आणि त्याने ‘का?’ विचारणारा वऱ्हाडी ‘काहून’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या तोंडात बसवला, याचा वऱ्हाडाला कोण अभिमान. त्याआधी तिकडची माणसं या शब्दाला हसायची. गाणं आल्यावर तीच माणसं लग्नाच्या वरातीत ‘काहून, काहून’ करत नाचायला लागली.

गाण्याची सगळी मजा पहिल्या ओळीत होती. आवाज ‘का’वर अडखळतो, परत उठतो, परत अडखळतो, आणि मग ‘काहून’वर टुणकन उडी मारतो. लहान पोरांना बोलता येण्याआधी ती उडी यायची. ही चाल कशी सुचली, हे देवमन प्रत्येक मुलाखतीत सांगत. माझी धाकटी बहीण इंदू लहानपणी फार रुसायची, रुसली की बोलताना अडखळायची, आम्ही तिची समजूत काढायचो, तिच्या त्या लाडिक बोलण्यातूनच हे गाणं जन्मलं. मुलाखत घेणारा हसायचा, देवमन हसायचे, आणि बघणाऱ्यांना आपापल्या बहिणी आठवायच्या.

ती इंदू, म्हणजे भावनाची आत्या इंदूबाई, आता पासष्टीची होती आणि अकोल्यात माहेरच्याच घरात राहत होती. तिला अडखळायला रुसावं लागत नसे. ‘क’ने सुरू होणारा कोणताही शब्द तिचा गळा धरायचा. म्हणून तिने आयुष्यभर ‘क’ला वळसा घातला होता. ‘काल’ म्हणायचं तर ती ‘मागच्या रोजी’ म्हणे. ‘कुठं’ विचारायचं असेल तर नुसती हनुवटी उचले. कापसाला बोंड म्हणे, कांदा हवा असला की हातगाडीवर बोट ठेवी. नवऱ्याचं नाव किसन होतं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ही रीत तिच्याएवढी मनापासून कोणी पाळली नसेल. फक्त लग्नात मांडवात एकदा नाव घ्यायची वेळ आलीच. ती ‘कि-कि’वर अडकली तेव्हा देवमनने शेजारची पेटी पुढे ओढून तेच सूर दाबले होते. मांडव हसून लोळला. नवराही हसला.

भावनाने वाचा आणि श्रवण यांच्या उपचारांची पदवी घेतली ती आत्याकडे बघूनच. घरात या गोष्टीला ‘इंदूचं अडकणं’ म्हणत. कॉलेजात त्याला नाव होतं, कारणं होती, उपाय होते. पहिल्या वर्षी सुट्टीत ती आत्यापुढे फोन ठेवून बसली आणि म्हणाली, तू बोल, मी रेकॉर्ड करते. आत्याने फोनकडे पाहिलं.

“तू बी पेटी आणली का?” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. शेवटच्या ‘का’वर ती मुळीच अडखळली नव्हती, हे भावनाने तेव्हा लक्षात ठेवलं. अडखळणं वाक्याच्या सुरुवातीला असतं, शेवटाला क्वचित. पेटीचं काय, हे मात्र तिने विचारलं नाही.

देवमनना मुंबईतच निरोप दिला गेला. पुंजाजी गेले. इंदूबाई गेली नाही. टीव्हीवाले अकोल्याच्या घरी आले तेव्हा तिने आतून कडी लावली. हे दुःखाने झालं असं सगळ्यांनी धरलं.

मग अमरावतीच्या ‘सूरवेडे’ ग्रुपने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला. हा ग्रुप निवृत्त मास्तर, डॉक्टर, बँकेतली माणसं यांचा. आठवड्यातून एकदा जमून कराओकेवर गायची त्यांना हौस. प्रमुख रागिणीताई, आवाज गोड, बोलणं त्याहून गोड. त्यांना मंचावर इंदूबाई हव्या होत्या. ज्यांच्या रुसण्यातून ते गाणं आलं त्या ताई चार शब्द बोलल्या तर सोन्याहून पिवळं, असं त्या पुंजाजींना म्हणाल्या. पुंजाजींनी ती बोलणार नाही हे गृहीत धरून, नुसती बसेल, शाल घेईल, असं कळवलं.

इंदूबाईने निरोप पाठवला : मी बोलीन.

आणि दोन दिवसांनी ती एक पिशवी घेऊन एसटीने अमरावतीला, भावनाच्या भाड्याच्या खोलीत येऊन थडकली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “तू शिकली ना वं हे? मंग मले शिकव. येकच वाक्य बोलाचं हाय.”

वाक्य तिने आधीच ठरवून आणलं होतं. ‘मी रुसली नव्हती. मायले नेऊन राह्यले होते, तवा मी काहून म्हणत होती.’

भावनाला ते कळलं नाही. मग आत्याने सांगितलं. सांगायला संध्याकाळ गेली, कारण वाटेत बरेच ‘क’ होते आणि या वेळी ती वळसा घालत नव्हती. पुंजाजी झाल्यावर त्यांची आई उठलीच नाही. घरात बाया जमल्या, बाहेर तिरडी बांधली. इंदू तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. आईला चौघांनी उचललं तेव्हा ती धावत गेली आणि एकाचं धोतर धरून विचारायला लागली, मायले काहून नेऊन राह्यले? पण ‘का’च्या पुढे तिला जाताच येईना. का, का, का. माणसं थांबली नाहीत. ती अंगण, गल्ली, रस्ता ओलांडून नाक्यापर्यंत ‘का, का’ करत मागे पळाली. त्याआधी ती अडखळत नसे. निदान कोणाच्या लक्षात तरी नव्हतं.

देवमन तेव्हा पंधराचा. महिनाभराने त्याने पेटी काढली आणि बहिणीची ती धाव सुरात वाजवली. का, का, काहून. गल्लीतली पोरं हसली. मग कोणी आलं-गेलं की, इंदे ये इकडे, म्हणून तिला उभं करायचं, काहीतरी विचारायचं, ती अडकली की पेटीवर जोड द्यायची. पाहुणे चहाआधी याची वाट पाहू लागले.

“त्यानं गाणं केलं तवा त्यात मले रुसवलं,” आत्या म्हणाली. “नेलं ते मायले.”

 खरं सांगायचं तर भावनाला आत्याची कीव आली, आणि त्याच वेळी आपल्यासमोर एक दुर्मीळ गोष्ट बसली आहे असंही वाटलं. ज्या घटनेपाशी अडखळणं सुरू झालं ती इतकी स्वच्छ आठवणारा माणूस पुस्तकातच भेटतो. उद्यापासून सुरू करू, ती म्हणाली, आणि मनात आखणी करू लागली.

पहिला उपाय तिला सोपा वाटला. गाताना कोणी अडखळत नाही, हे शास्त्रालाही माहीत आहे आणि आत्यालाही होतं. भांडी घासताना ती भीमजयंतीची गाणी म्हणायची आणि त्यातले सगळे ‘क’ पाण्यासारखे वाहायचे. तेव्हा वाक्याला थोडा सूर लाव, भावना म्हणाली. गाऊनच सांग.

“गाऊन सांगतलं तं गाणंच होते वं,” आत्या म्हणाली. “मले सांगाचं हाय.”

दुसरा उपाय, काहूनच्या जागी दुसरा शब्द. ‘कशाला’ नको, त्यातही ‘क’ आहे. ‘मायले नेऊ नका म्हणत होती’ असं म्हण. आत्याने मान हलवली. काहून काढलं तर बोलायचंच कशाला, लोकांना ‘काहून’च तर ठाऊक आहे.

मग राहिला ठोका. मांडीवर बोटाने ठोका द्यायचा, एका ठोक्याला एक अक्षर. मा-य-ले. ने-ऊन. ठोका ठरलेला असला की जिभेला पुढच्या अक्षराची भीती वाटत नाही. भावनाने वेगवेगळ्या गती करून पाहिल्या. सावकाश गतीत आत्या कंटाळायची, जलद गतीत पडायची. मध्ये एक गती होती, तिथे आत्याची जीभ आणि बोट एकदम जुळायचं आणि ‘का-हून’ असं दोन ठोक्यांत सरळ बाहेर यायचं. ते जमलं त्या दिवशी भावनाला इतका आनंद झाला की तिने आत्याचं बोलणं फोनवर टिपलं आणि दवाखान्यातल्या मोठ्या मॅडमना ऐकवलं. मॅडम म्हणाल्या, छान लय सापडली तुला. भावना दिवसभर त्या शब्दांवर तरंगत होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुंजाजी आले. आत्या काय बोलणार आहे हे त्यांना भावनानेच फोनवर सांगून टाकलं होतं. बापाला अंधारात ठेवणं तिला बरं वाटलं नव्हतं. ते आल्याबरोबर बसलेही नाहीत.

मोठ्या भावाने आपल्याला बाप होऊन वाढवलं, हे त्यांनी उभ्या-उभ्याच सांगायला सुरुवात केली. मुंबईहून पैसे आले म्हणून मी शिकलो, नोकरीला लागलो. ही भावना कोणत्या गाण्यावर शिकली? मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. सगळी अमरावती त्याच्यासाठी जमणार, पेपरवाले येणार, आणि त्यात घरच्याच माणसाने चिखल फेकायचा? लहानपणी भावंडं चिडवतातच एकमेकांना, त्यात एवढं काय.

इंदूबाई तूर निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं.

“पुंजा, तू रडे ना, तं राहे नाई गप. दूध नव्हतं तुले. त्यानं पेटीवर माहं ते वाजवलं आन् तू हासला. सर्व्यात पयले तूच हासला. मंग त्यानं रोज वाजवलं.”

पुंजाजी दाराकडे वळले. मग चप्पल घालताना भावनाला म्हणाले, तुझ्या शास्त्राने बाईचं तोंड उघडलं ना, आता तूच बघ. रात्री जेवायला ते थांबले नाहीत.

सभागृह भरलं होतं. मागच्या बाजूला लोक उभे होते, नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेली पोरंही त्यांत होती. मंचावर देवमनचा हसरा फोटो, त्याला हार, बाजूला मेणबत्त्या. सूरवेड्यांनी एकामागून एक गाणी म्हटली. कोणी सुरात, कोणी नुसतंच प्रेमात. प्रत्येक जण गाण्याआधी खाली येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या इंदूबाईच्या पायांना हात लावत होता. ती पाय मागे घेई, पण खुर्चीमागे जागा नव्हती. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही किती भाग्यवान, तुमचं रुसणंसुद्धा अमर झालं. इंदूबाईने मान हलवली आणि मांडीवर बोट ठेवलं.

ते प्रसिद्ध गाणं मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. त्याच्या आधी रागिणीताईंनी तिला मंचावर नेलं. शाल घातली, नारळ दिला. भावना ते धरायला बरोबर गेली आणि पोडियमच्या बाजूला उभी राहिली. पुंजाजी पहिल्या रांगेत, हात गुंफून. मंचाच्या कोपऱ्यात बंडू ऑक्टोपॅड घेऊन बसला होता. शहरातली अर्धी लग्नं त्याच्या हातावर नाचत. पुढच्या गाण्यासाठी त्याने काठ्या हातात घेतलेल्या होत्या.

“ज्यांच्या लाडिक रुसव्याने महाराष्ट्राला एवढं गोड गाणं दिलं,” रागिणीताई म्हणाल्या, “त्या आपल्या सगळ्यांच्या इंदूताई.”

इंदूबाई माइकजवळ सरकली. भावनाला तिचा उजवा हात दिसत होता, शालीखाली बोट मांडीवर पडत होतं.

“देवमन माहा भाऊ होता,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला. सभागृह शांत झालं. “तो सांगे, मी रुसली होती. मी रुसली नव्हती.”

लोक हसले. वाईट नाही, मायेने हसले. भांडणारी बहीण समोर उभी आहे असं वाटून हसले. त्या हसण्याने तिचं बोट थांबलं.

“मायले नेऊन राह्यले होते, तवा मी...”

ती थांबली. ओठ ‘का’साठी उघडले आणि तसेच राहिले. गळ्याची शीर वर आली. भावनाला ते ओळखीचं होतं, यातून बाहेर काढायला एक ठोका पुरतो, हेही माहीत होतं. आत्याचा हात शालीत अडकला होता. म्हणून भावनाने नारळ डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताच्या बोटाने पोडियमच्या कडेवर हळूच ठोका दिला. कोणाला दिसू नये, फक्त आत्याला ऐकू यावा, इतका हळू. तीच गती, खोलीत सापडलेली.

लाकूड आवाज फार चांगला वाहून नेतं. हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. माइक त्या लाकडालाच बसवलेला होता. बोटाचा ठोका मोठ्या कर्ण्यांतून सगळ्या सभागृहात घुमला. टक. टक. टक.

“का,” आत्या म्हणाली. “का...”

बंडूने मान वर केली. ती गती त्याने झोपेतही ओळखली असती. अर्ध्या आयुष्यभर त्याने तीच वाजवली होती. गाण्याची लय जिथून आली होती त्या आत्याच्या जिभेवरूनच भावनाने आपला ठोका उचलला होता, आणि हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. बंडूच्या काठ्या पडल्या. ठेका सुरू झाला. ‘का, का’ म्हणून इंदूबाईने गाणंच धरलं असं समजून कोणीतरी शिट्टी मारली आणि सगळं सभागृह एका आवाजात उठलं.

‘का-का-काहून रुसली वं, कोनाले पाहून हासली वं.’

लोक उभे राहिले. मोबाइलचे दिवे लागले, डुलायला लागले. मागची पोरं टाळ्यांवर नाचू लागली. रागिणीताईंनी डोळे पुसले आणि माइक इंदूबाईच्या आणखी जवळ केला. इंदूबाईचं तोंड उघडंच होतं. ती ‘का’वरच होती, आणि समोर शेकडो माणसं तिच्याकडे प्रेमाने बघत तिचा तो ‘का’ तिला परत करत होती. भावनाने बंडूला हाताने थांब म्हटलं. त्याला वाटलं, जोरात वाजव म्हणते.

आत्याने भावनाकडे पाहिलं. एकदाच. मग समोर वळली.

आणि गायली.

‘का-का-काहून नेता जी,
माह्या मायले नेता जी.’

आवाज म्हातारा, पण सुरात पक्का, आणि एकही अक्षर अडकलेलं नाही. लोक हे ऐकायला गप्प झाले. तिने आणखी ओळ जोडली, तिथल्या तिथे. गल्ली सरली, नाका सरला, मी पळून राह्यली जी. मले कोनी सांगा जी. जे वाक्य बोलायचं होतं त्याहून जास्त तिने सांगितलं, अगदी स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. सांगून संपल्यावर ती थांबली. कोणीतरी काहीतरी म्हणेल अशी वाट बघत उभी राहिली.

टाळ्या कडाडल्या. वन्स मोअर, मागून आवाज आला, आणि मग सगळीकडून. आईचं नवीन कडवं, रागिणीताई माइकवर म्हणाल्या, भावाच्या चालीवर बहिणीने आईला गुंफलं, याहून मोठी श्रद्धांजली कोणती? बंडूने ठेका तोडलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मंचावर येऊन इंदूबाईचा हात हातात धरला आणि ताल द्यायला लावला.

तिने परत म्हटलं. लोक आता शब्द शिकले होते, म्हणून तेही बरोबर म्हणू लागले. माह्या मायले नेता जी. नाचणारी पोरं ‘जी’वर उडी मारत होती.

पहिल्या रांगेत पुंजाजी उभे होते. एवढ्या माणसांत, भावना सोडली तर, त्या ओळीचा अर्थ कळलेला तो एकच माणूस होता. भीतीने आक्रसलेला त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. कोणाला काही कळलेलं नव्हतं. घराचं नाव शाबूत होतं. ते टाळ्या वाजवू लागले, आणि मग हसले. दात दिसेपर्यंत, लहान मुलासारखे हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता : ‘लाडक्या भावाला बहिणीची सुरेल मानवंदना’. दुपारपर्यंत कोणीतरी टाकलेला व्हिडिओ तिवशापासून बुलढाण्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरला. एकाने त्याखाली लिहिलं होतं, आज्जी, काय अडखळण्याची अदा आहे. संध्याकाळी अकोल्याच्या एका मंडळाचा पुंजाजींना फोन आला. देवमन त्यांच्या मातीतला, तेव्हा तिथेही कार्यक्रम होणारच. ताईंनी आईचं कडवं म्हणावं, बाकी काही बोलल्या नाहीत तरी चालेल. पुंजाजींनी होकार दिला आणि मग बहिणीला कळवलं. इतक्या वर्षांनी तुझं नाव झालं बाई, असं ते म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं.

इंदूबाईने फोन ऐकून खाली ठेवला. ती पिशवी भरत होती.

भावनाने तिला स्कूटीवरून बसस्टँडला सोडलं.  वाटेत तिने मनात बरीच वाक्यं जुळवली होती. लाकडाचं, माइकचं, बंडूचं. सगळी बरोबर होती. एकाही वाक्यात ‘मी’ नीट बसत नव्हतं. अकोल्याची गाडी लागलेली होती. आत्याला खिडकीजवळ जागा मिळाली. भावना खाली उभी राहून खिडकीच्या दांडीला धरून म्हणाली, “आत्या, रागावली का वं?”

 आत्याचे ओठ उघडले आणि थांबले. कोणत्या शब्दाशी ती झगडत होती कोण जाणे. भावनाचं बोट सवयीने दांडीवर उठलं आणि तिने ठोका दिला.

इंदूबाईने खिडकीतून हात काढून ते बोट पकडलं. मुठीत धरून ठेवलं. मग अगदी सरळ, न अडखळता, एका दमात म्हणाली,

“तुहीवाली पेटी चांगली वाजते.”

वाहकाने घंटी दिली. बोट सुटलं. गाडी वळून फाटकाबाहेर गेली, तिच्या मागचा धूर विरला, तरी भावना तिथेच उभी होती.

परत येताना राजापेठेच्या चौकात सिग्नल लागला. दवाखान्याखालच्या दुकानात दुपारपासून तो व्हिडिओ चालू होता, माह्या मायले नेता जी, आणि शेजारच्या गाडीवरचा मुलगा मान डोलावत होता. चाल चांगलीच होती, त्याला कोण काय करणार. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न दिला, तेव्हा भावनाचं लक्ष गेलं. हँडलवर तिचं बोट ताल देत होतं.